इझिकोचा वारा

सोललेलं अंडं बुलेल्वाने पुन्हा एकदा मिठात टेकवलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. तोंडात घालायची काही छाती होईना. आपण ते खाणार नाही हे तिला सोलतानाच कळलं होतं. पण पुढच्या सीटवरून प्रोफेसर अरेंडसेंनी डबा मागे सरकवला होता, आणि प्रोफेसरांनी पुढे केलेली कुठलीही गोष्ट नको म्हणायची, त्यांच्या हाताखाली प्रबंध करताना चार वर्षांत तिला सवयच उरली नव्हती.

"खा, खा," प्रोफेसर मागे न वळता म्हणाल्या. "उपाशी पोटी बोललीस तर आवाज कापेल. कापरा आवाज मला चालणार नाही."

"हो, प्रोफेसर."

"बाई, पोरगी खात नाहीये हां," गाडी चालवता चालवता ओम गर्ट म्हणाले. ओम म्हणजे काका. त्या भागात म्हाताऱ्या माणसाला सगळे ओमच म्हणतात. "मला आरशात दिसतंय ना. आमची मेंढरं अशीच करायची. ट्रकमध्ये चढवली की चारा पुढ्यात असून तोंड लावायची नाहीत. कुठे नेतायत ते त्यांना बरोबर कळायचं."

"ओम, तुम्ही रस्त्याकडे बघा."

"रस्त्यात बघण्यासारखं आहे काय, बाई? दगड आणि दगड."

खरंच काही नव्हतं. कार्नारव्हॉन गाव मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना कारूचं करडं, खुरटं माळरान, लांब कुठेतरी एखादी पवनचक्की आणि तिच्याखाली मेंढ्यांचा ठिपका. गाडी जुनाट, डिझेलची. रेडिओ दुर्बिणीच्या आवारात पेट्रोलची गाडी नेत नाहीत, कारण पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि तेवढी खरखरसुद्धा आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या तिच्या ताटल्यांना सहन होत नाही. फोनही आत चालत नाही. फाटकाच्या अलीकडे एक चढ आहे, तिथे ओम गाडी थांबवतात, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुढे करतात आणि सगळ्यांचे फोन बंद करून त्यात टाकून घेतात. त्या चढापर्यंतच बोलायची मुभा. त्यानंतर आत एकच वायरीचा फोन, आणि तोही दुर्बिणीच्या कामापुरता.

म्हणजे थांबवायचं तर त्या चढाच्या आत थांबवायला हवं, हे बुलेल्वाला सकाळपासून पाठ झालं होतं. चार वाजता त्यांचा लेख साऱ्या जगाला खुला होणार होता. त्याच वेळी आत, ताटल्यांच्या सावलीत, कॅमेऱ्यांसमोर प्रोफेसर आणि ती उभ्या राहून सांगणार होत्या, की आम्हाला वारा सापडला. आणि वारा नव्हताच! मंगळवारपासून हे जगात फक्त तिला ठाऊक होतं.

"चल, उजळणी," प्रोफेसर म्हणाल्या. "मी बातमीदार. मला काही म्हणजे काहीच कळत नाही. सांगा ताई, ही तुमची इझिको म्हणजे काय?"

इझिको हे नाव बुलेल्वानेच ठेवलं होतं. तिच्या खोसा भाषेत इझिको म्हणजे चूल. आकाशगंगेला एरवी नुसता लांबलचक क्रमांक होता.

"ही एक आकाशगंगा आहे," ती म्हणाली. "तिच्यात मध्यंतरी ताऱ्यांचा भडका उडाला. आपल्या आकाशगंगेत सावकाश होतात तसे नाही, धडाधड तारे झाले. मोठे तारे लवकर जळतात आणि फुटतात. इतके तारे एकदम पेटले आणि फुटले की त्यांच्यातूनच एक वारा उठतो, आणि ज्या वायूतून पुढचे तारे व्हायचे तोच वायू तो वारा आकाशगंगेबाहेर उडवून देतो."

"अरे वा! म्हणजे चुलीने स्वतःचीच लाकडं फुंकून बाहेर टाकली म्हणायची."

"हो. मग नवे तारे व्हायचे थांबतात. इझिकोत ते थांबलेच आहेत. का थांबले, ते आम्हाला दिसलं. वायू बाहेर पडताना दिसला."

"किती वेगाने?"

इथे बुलेल्वा अडखळली. तिने अंडं डब्यात ठेवलं.

"सेकंदाला दोनशे साठ किलोमीटर."

"शाबास. तिथे अडखळू नकोस, बाकी फक्कड." प्रोफेसर खूश होत्या. "ओम, बघा, मेंढरू बोलायला लागलं."

इतका वेळ बुलेल्वाला वाटत होतं की खोटं बोलायची वेळ आली तर आवाज फुटणार नाही, चेहरा उतरेल, कुणाला तरी कळेल. आवाज चांगला खणखणीत आला होता. म्हणजे चार वाजताही येईल. आणि चारला तिकडे गावी, कोफिम्वाबाला, तिच्या आईने चर्चमधल्या बायका घरी बोलावल्या होत्या. रेडिओ ओट्यावर आणून ठेवलाय, असं सकाळीच फोनवर सांगितलं होतं तिने. 'माझी पोर बोलणार, चुलीबद्दल बोलणार,' म्हणून साऱ्या आळीला सांगत फिरली होती.

चूक कळली ती शाळेच्या मुलांमुळे. मुलांसाठी एक चित्र करायचं होतं, त्यावर बाण काढून 'इझिको इतकी लांब' असं लिहायचं होतं. बुलेल्वाने हाताने हिशोब मांडला तर दोन वेगळी अंतरं आली. आधी तिला स्वतःचंच हसू आलं, मग घाम फुटला. आकाशगंगा आपल्यापासून किती वेगाने दूर जाते हे काढायच्या दोन रीती असतात. साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीवाले लहरीच्या लांबीवरून वेग काढतात आणि रेडिओवाले कंपनांच्या संख्येवरून. आकाशगंगा जवळची असेल तर दोन्ही उत्तरं सारखीच येतात. लांबची असेल तर रेडिओच्या रीतीने वेग थोडा कमी भरतो. बुलेल्वाने इझिकोचा वेग जुन्या प्रकाशाच्या दुर्बिणीच्या मोजणीतून उचलला होता, आणि वायूचा मात्र या माळावरच्या ताटल्यांतून, रेडिओच्या रीतीने काढला होता. वायूचा वेग कमी भरला, म्हणजे वायू चुलीतून सुटून आपल्या दिशेने येतोय असं दिसलं. तो वायू कुठेही निघाला नव्हता. दोन मापांतल्या फरकालाच त्यांनी वारा म्हटलं होतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात बजावतात अशी ही चूक. आणि हे कुणीच विचारलं नव्हतं असंही नाही. मोथुसीने विचारलं होतं.

मोथुसी म्हणजे प्रोफेसरांच्या संशोधन गटातला गमत्या माणूस. चहाच्या खोलीत म्हणायचा, "आकाशात कशाला बघता? आपला गट बघा की! लेखांचे तारे धडाधड पेटतायत आणि माणसं वाऱ्याने उडून चाललीत. एक दिवस बाई एकट्याच लखलखत बसतील." सगळे हसायचे आणि मग हळूच दाराकडे बघायचे. ज्या गुरुवारी बैठकीत बुलेल्वाने पहिल्यांदा तो आलेख दाखवला, त्या दिवशी मोथुसीने हात वर केला होता.

"चुलीचा वेग आणि वायूचा वेग एकाच रीतीने काढलाय ना?"

बुलेल्वा तोंड उघडणार तोच प्रोफेसर म्हणाल्या होत्या, "मोथुसी, बालवाडी खालच्या मजल्यावर आहे."

खोलीत हशा पिकला. बुलेल्वाही हसली. सुटल्यासारखी हसली, कारण उत्तर तिलाही नक्की आठवत नव्हतं. बैठक झाली की बघून घेऊ, असं तिने मनाशी म्हटलं. पण बघायला जाणं म्हणजे आपल्याला शंका आहे असं कबूल करणं, आणि शंका असलेल्या माणसाचं त्या खोलीत काय होतं ते तिने नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने बघितलंच नाही. मोथुसी पुढे बैठकीत मूग गिळून बसायला लागला आणि हिवाळा संपायच्या आत बाडबिस्तरा आवरून कुरुमानला निघून गेला. आता तिथल्या शाळेत गणित शिकवतो.

तशा प्रोफेसर दुष्ट नव्हत्या. केपटाऊनच्या वाळूतल्या वस्तीत वाढलेली बाई. आपल्याला कुणी मोजत नाही हे लहानपणीच कळलेलं, तेव्हा दुसऱ्याच्या दुप्पट राबायचं हा एकच मंत्र. बुलेल्वाला न्यूमोनिया झाला तेव्हा रोज सूप घेऊन हॉस्पिटलात यायच्या. सूप संपेपर्यंत प्रबंधाचं एक प्रकरणही तपासून व्हायचं. पण त्या बोलायला लागल्या की खोलीतली बाकीची माणसं हळूहळू विझत जायची. आपण नेमक्या कधी विझलो, हे बुलेल्वाला सांगता आलं नसतं.

गाडीने वळण घेतलं. लांबवर, टेकड्यांच्या मधल्या खोलगटात, पांढऱ्या ताटल्या दिसायला लागल्या. सगळ्या एकाच दिशेला माना वळवून उभ्या.

"आल्या बघा," ओम म्हणाले. गाडी चढावर थांबली. हँडब्रेक करकरला. ओमनी सीटखालून बिस्किटांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आधी प्रोफेसरांपुढे धरला. "चला, टाका. ज्याला कुणाला शेवटचं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणायचं असेल त्याने म्हणून घ्या."

प्रोफेसर हसल्या, त्यांनी आपला फोन बंद केला आणि डब्यात टाकला. टण्णकन आवाज झाला.

डबा बुलेल्वापुढे आला.

ती फोन हातात घट्ट धरून बसली. टाकला तर सुटलो, तिच्या मनात आलं. चार वाजतील, लोक टाळ्या वाजवतील, प्रबंध होईल, आई नाचेल. कुणी कधी तपासेल तेव्हा तपासेल. न तपासलं तर कधीच नाही.

"काय गं पोरी, डबा चावतो का?" ओम म्हणाले.

"प्रोफेसर," बुलेल्वा म्हणाली. आवाज कापत होता. चांगलाच कापत होता. "वारा नाहीये."

"काय?"

"इझिकोत वारा नाही. चुलीचा वेग मी एका रीतीने घेतला आणि वायूचा दुसऱ्या. चूक माझी आहे. दोनशे साठ म्हणजे फक्त तेवढा फरक आहे. वायू जागच्या जागी आहे."

प्रोफेसर दार उघडून खाली उतरल्या. बुलेल्वाला वाटलं, आता त्या ओरडतील. जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं असं तिला मनापासून वाटलं. पण प्रोफेसर गाडीच्या पुढे गेल्या आणि लाल धुळीने माखलेल्या बॉनेटवर बोटाने आकडे लिहायला लागल्या. भागाकार मांडला, वजाबाकी केली, मग एक आकडा पुसून पुन्हा लिहिला. उत्तर तेच आलं. त्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. ओम खाली उतरले आणि चारही चाकांना आळीपाळीने लाथ मारून हवा बघायला लागले. चाकांना काहीही झालेलं नव्हतं.

"ओम, माझा फोन द्या."

फोन चालू व्हायला जन्म गेल्यासारखं वाटलं. मग प्रोफेसर पाठमोऱ्या उभ्या राहून नियतकालिकाच्या संपादकांशी बोलल्या. "अरेंडसे बोलतेय. चारचा लेख थांबवा... हो, आत्ता. मागे घेतोय आम्ही... नाही, विद्यार्थिनीची नाही. लेखावर नाव माझं आहे, तपासला मी आहे. चूक माझी, असं लिहा." थोडं थांबून त्या पुन्हा म्हणाल्या, "लिहिलंत?"

बुलेल्वा गाडीतून उतरली. भीती जाईल असं वाटलं होतं, ती जात नव्हती.

"कधी कळलं तुला?" प्रोफेसरांनी विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवार ते आज. इतक्या वेळात तुला बोलता आलं नाही?"

"भीती वाटली."

"कशाची? रेडिओवर नाव येणार नाही याची? आईची?"

"तुमची," बुलेल्वा म्हणाली.

वाऱ्याने धूळ उठली आणि बॉनेटवरच्या आकड्यांवर बसली. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसायला काही सापडेना म्हणून तसाच हातात धरला. चष्म्यावाचून त्यांचा चेहरा बुलेल्वाने कधी पाहिला नव्हता. त्या म्हाताऱ्या दिसत होत्या, आणि घाबरलेल्याही.

"म्हणजे वायू आतच आहे," त्या म्हणाल्या.

"सगळा आत आहे."

"आणि तरी तारे होत नाहीत."

"नाही होत."

"का?"

चार वर्षांत प्रोफेसरांनी तिला हजार प्रश्न विचारले असतील. उत्तर स्वतःला ठाऊक नसताना विचारलेला हा पहिला होता.

"मला वाटतं, तो फार ढवळला गेलाय," ती म्हणाली. "भडक्याने वायू बाहेर गेला नाही, पण आतल्या आत इतका घुसळला की त्याला स्वस्थता नाही. गार होऊन एका जागी आटला तर तारा होणार ना? त्याला कुठे आटूच दिलं जात नाही." मग घाईघाईने म्हणाली, "नक्की माहीत नाही. बघावं लागेल."

"बघावं लागेल," प्रोफेसर म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "हे कुणीतरी विचारलं होतं. रीतीचं. बैठकीत."

"मोथुसीने."

"आणि मी काय म्हणाले होते?"

बुलेल्वा बॉनेटवरच्या धुळीकडे बघायला लागली.

"बोल."

"बालवाडी खालच्या मजल्यावर आहे."

"आणि तुम्ही सगळे हसलात."

"हो. मीसुद्धा."

ओम चाकं तपासून तपासून दमले होते. ते डबा हातात घेऊन उभे राहिले. खाली खोलगटात ताटल्या संथपणे, सगळ्या मिळून, दुसरीकडे वळायला लागल्या.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?" प्रोफेसरांनी विचारलं. "तुझ्याच फोनवरून लाव. माझं नाव बघितलं तर उचलायचा नाही तो."

बुलेल्वाने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन दोघींच्या मध्ये, बॉनेटवर ठेवला. रिंग जात राहिली. प्रोफेसरांनी आपल्या कोटाची कड मुठीत धरली होती.

"काय गं बुले!" फोनमधून एकदम मोठा, हसरा आवाज आला. मागे पोरांचा कल्ला होता. "अजून बाहेरच आहेस होय? अगं, शाळा सुटली तरी अख्खा वर्ग थांबवून ठेवलाय मी! रेडिओ आणलाय. चारलाच ना? पोरांना सांगितलंय, ही माझी मैत्रीण, हिने वारा पकडला म्हणून!"

बुलेल्वाचे डोळे भरून आले. तिने प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसर पुढे झुकल्या, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"मोथुसी, मी अरेंडसे."

पलीकडचं हसू तुटलं.

"त्या गुरुवारी तू एक प्रश्न विचारला होतास," प्रोफेसर म्हणाल्या. आवाज कापत होता, आणि त्यांनी तो सावरला नाही. "तो पुन्हा विचार. मी ऐकतेय."

मागे पोरं दंगा करत होती, कुणीतरी बाकावर काहीतरी बडवत होतं. ओमनी डब्याचं झाकण हळूच लावलं. मोथुसी अजूनही बोलत नव्हता, पण त्याने फोन ठेवलाही नव्हता.